प्लेटांना लागली हळद

आधी घोटभर चहा पिऊन घ्या. मग सांगतो. कारण ऐकता ऐकता तुम्ही हसणार, चहा नाकात जाणार, आणि वर मलाच म्हणणार, "काय हो परचुरे, तुमच्यासारख्या माणसाकडून हे?" हो, माझ्यासारख्या माणसाकडूनच! ऐऱ्यागैऱ्याकडून एवढा मोठा गाढवपणा होतच नाही. त्याला अनुभव लागतो.

आमचं इलेक्ट्रिकच्या मालाचं दुकान बुधवार पेठेत. दुकान मालकांचं, म्हणजे विनयशेठचं. पण काउंटरमागे जन्म कोणी काढला? मी. आणि तोही उभ्याने. पायाच्या शिरा सुतळीसारख्या वर आल्या, पण मालकांनी कधी स्टूल दिलं नाही. म्हणे बसलेला माणूस पाहिला की गिऱ्हाइकालाही बसावंसं वाटतं.

आणि गिऱ्हाईक तरी कसलं! "ते पटकन खाली पडतं आणि लाइट जाते, ते द्या." अहो, त्याला एमसीबी म्हणतात. "ते गोल गोल, काळं काळं असतं ना, ते द्या." अशाने आम्ही आमचे केसही देऊ शकतो, पण तेही आता काळे राहिले नाहीत. मी तोंडावर सांगायचो, "घरी जा, वस्तूचं नाव शिका, मग या." लोक जायचे. पुष्कळसे परत यायचे नाहीत. आपलं काही अडत नव्हतं.

तर झालं काय, शेठनी लोणी काळभोरला, सोलापूर रस्त्यापासून थोडं आत, हे भलंमोठं गोडाउन घेतलं. मला बोलावलं आणि म्हणाले, "परचुरे, गोडाउनला नवीन माणसं भरलीयत. एकालाही काही कळत नाही. तुम्ही त्यांना माल ओळखायला शिकवा. दसरा झाला की आबासाहेबांचा माल जायचाय. तो धड गेला, तर गोडाउनचे इन्चार्ज तुम्ही. केबिन तुमची."

केबिन! तुम्हाला कळतंय का मी काय ऐकलं ते? काचेचं दार, एसी, आणि गोल फिरणारी खुर्ची. बसून पगार! त्या संध्याकाळी मी चूक केली आणि हे बायकोला सांगितलं. सकाळी दूध आणायला उतरलो, तर नारायण पेठेतली चार माणसं माझं अभिनंदन करून गेली. बायकोने तर त्या खुर्चीसाठी उशीसुद्धा शिवायला घेतली. आता सांगा, माघार घ्यायला जागा होती?

हे आबासाहेब म्हणजे लोणीतले मोठे बागायतदार. रस्त्यालगतच्या जमिनीवर त्यांनी मंगल कार्यालय बांधायला काढलं होतं. दोन मजले, जेवणाचा हॉल, वधूपक्ष-वरपक्षाच्या खोल्या. सगळा इलेक्ट्रिकचा माल आमच्याकडून. त्यात सगळ्यात मोठी ऑर्डर होती पांढऱ्या प्लेटांची. प्लेट म्हणजे जेवायची नव्हे हो! भिंतीवर स्विचभोवती जी चौकट बसते ना, ती. खोकीच्या खोकी येऊन पडली होती.

आणि माझे विद्यार्थी! सहा जण. सहाही रत्नं. त्यातली दोन तुम्हाला दाखवतो, बाकीच्यांची कल्पना येईल.

एक ओंकार. कुठल्यातरी कॉलेजातून अर्धवट बाहेर पडलेला. मी हातात केबल ग्लँड दिला, म्हणजे केबल पेटीत शिरते तिथे जी पितळी बुचासारखी वस्तू लागते, ती. म्हटलं, "बोल, काय आहे हे?"

"सर, एक सेकंद. मोबाइलनं स्कॅन मारतो."

"मोबाइल खिशात ठेव. डोक्याने सांग."

"सर, डोक्यात नेटवर्क नाहीये." आणि बाकीचे खी खी हसले.

दुसऱ्या सुवर्णाबाई. लोणीच्याच. शेत सांभाळून कामाला यायच्या. बाई कामाला वाघ, पण मालाचं नाव म्हणून तोंडात टिकेल तर शपथ.

"सुवर्णाबाई, हा कॉन्टॅक्टर, मोटर चालू-बंद करणारा. काय आहे हा?"

"कॉन्टॅक्टर."

"शाब्बास. आता जा, त्या रॅकवरून दुसरा घेऊन या."

बाई गेल्या आणि पंख्याचा रेग्युलेटर घेऊन आल्या. "काका, ह्यो थोडा बारका हाय, पण त्याच्याच घरातला वाटतोय."

माझं टाळकं सटकलं. "बाई, हे काय लग्न जमवायला बसलोय का आपण? घराणं बघून माल आणायचा?"

रोज हेच. मी ओरडायचो, ते माना डोलवायचे, आणि दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. मी घरी येऊन बायकोला म्हणायचो, "दगडाला शिकवलं असतं तर एव्हाना दगडाने वायरिंग केलं असतं." ती उशीत कापूस भरत म्हणायची, "शिकवण्याची काहीतरी युक्ती काढा. नुसतं खेकसून काय होणार?"

युक्ती! आणि नेमकी खंडेनवमी आली.

आता खंडेनवमीला आपल्याकडे अवजारांची पूजा असते. आमच्या धंद्यात ज्या मालावर पोट, त्याचीही पूजा. मी ठरवलं, पूजा आणि परीक्षा एकदमच उरकायची. सहाही जणांना ओळीत उभं केलं. प्रत्येकाच्या हातात हळद-कुंकू कालवलेली वाटी दिली. आणि असं झकास भाषण ठोकलं, की काय सांगू!

"हा माल म्हणजे आपली लक्ष्मी. लक्ष्मीला नावाने हाक मारता आली पाहिजे. ज्या वस्तूचं नाव बिनचूक येतं, तिचं नाव मोठ्याने घ्यायचं आणि तिला गंध लावायचं. एका गंधाला एक मार्क. नाव चुकलं तर एक मार्क वजा. ज्याचे मार्क सगळ्यात जास्त, त्याला दिवाळीआधी कायम करायला मी स्वतः शेठना सांगीन."

कायम म्हटल्यावर सहाही चेहरे असे उजळले, की मलाच वाटलं, परचुरे, तुम्ही शिक्षक व्हायला हवं होतात! ओंकार म्हणाला, "सर, मार्क मी मोबाइलवर ठेवतो." मी म्हटलं ठेव.

मग मी डबा खाल्ला. आणि डब्यानंतर मी आडवा होतो. कुठेही असलो तरी होतो. दुपारी आमच्या पेठेतलं दुकानच बंद असतं, तर माणसाने कशाला उघडं राहायचं? रिकामी खोकी पसरली, त्यावर पंचा टाकला. कानावर लांबून "प्लेट... प्लेट... प्लेट..." असं काहीतरी येत होतं. झोपेत मला ते मंत्रासारखं वाटलं. छान झोप लागली.

उठलो तो हळदीच्या वासाने. ओंकार समोर धावत आला. "सर, रिझल्ट लागला! सुवर्णाताई फर्स्ट! मी थोडक्यात हुकलो!"

"अरे वा! बघू, कशाकशाला लावलंय गंध?"

रॅककडे गेलो. कॉन्टॅक्टर कोरा. ग्लँड कोरे. एमसीबीवर एक पुसट ठिपका, तोही खोडलेला. मग वळून बघितलं.

आबासाहेबांची खोकी. वरच्या मजल्याची तेवढी शिल्लक, खालच्या मजल्याची सगळी फोडलेली. पांढऱ्याशुभ्र प्लेटा जमिनीवर ओळीने मांडलेल्या, आणि एकूण एक प्लेटेवर हळद-कुंकवाचं ओलं बोट!

"हे... हे काय केलंत?"

"सर, बाकीच्यांची नावं चुकली तर मायनस ना. म्हणून आम्ही सेफ खेळलो. प्लेट सगळ्यांनाच येते."

सुवर्णाबाई पदराने घाम पुसत म्हणाल्या, "एकेकीचं नाव घेऊन लावलं बगा काका. तुम्हीच म्हणला, एका गंधाला एक मार्क. मग ही सगळी खोकी घरातच पडली होती की!"

बोला! नियम माझा, वाटी माझी, हळद माझी. शब्दाला शब्द लावून बघितलं तर एकाचंही काही चुकलं नव्हतं.

"पुसा!" मी ओरडलो. "आत्ताच्या आत्ता पुसा!"

पुसलं. आता तुमच्या घरात हळदीचा प्लॅस्टिकचा डबा असेलच. तो कधी पांढरा झालाय? नाही ना? हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं! पण माणूस घाबरला की त्याला घरातलंही आठवत नाही. मी मोठ्या टबात साबणाचं पाणी केलं आणि सगळ्या प्लेटा त्यात बुडवल्या. कुंकू गेलं. हळद मात्र टबभर पसरली आणि सगळ्या प्लेटांना सारखी बसली. डाग गेले हो! डाग कुठे दिसणार? पूर्ण प्लेटच पिवळी!

पंख्याखाली वाळवल्या. फिकट पिवळ्या, एकसारख्या, अगदी ठरवून केल्यासारख्या. सहाही जण माझ्याकडे बघतायत, आणि माझ्या डोळ्यांसमोर ती केबिन हळूहळू काउंटर व्हायला लागलीय. आणि तिथे, त्या क्षणी, मला माझ्या आयुष्यातली सगळ्यात हुशार कल्पना सुचली. हुशार, असं मला तेव्हा वाटलं.

मी आबासाहेबांना फोन लावला.

"नमस्कार आबासाहेब, परचुरे बोलतोय. तुम्ही पांढऱ्या प्लेटा सांगितल्यायत, पण एक विचारतो, रागावू नका. मंगल कार्यालय बांधताय की दवाखाना?"

"म्हंजे?"

"पांढरं आता दवाखान्यात लावतात. खालच्या मजल्याला लावायला नवीन शेड आलीय, मंगल कार्यालयाला शोभेलशी. मंगल आयव्हरी."

आबासाहेब म्हणाले, "असं हाय व्हय? मग एक पाठवून द्या की बगायला."

ओंकारला गाडीवर पिटाळलं. तो परत आला तो नाचतच. "सर, आबासाहेब एकदम खूश! हातात घेतली, वास घेतला, म्हणाले, हिला हळदीचा वास बी येतोय, कंपनी लई हुशार दिसती."

मी सुटलो! त्या रात्री मी पोटभर जेवलो. बायकोला म्हटलं, "उशी झाली का गं शिवून?"

दसऱ्याच्या रात्री शेठचा फोन. मला वाटलं, शुभेच्छा.

"परचुरे, आबासाहेब सोनं द्यायला घरी आले होते. काय ती शेड! फार आवडलीय त्यांना. म्हणतात, वरचा मजला, जेवणाचा हॉल, सगळीकडे हीच पाहिजे. वरच्या मजल्याची खोकी अजून पांढरीच आहेत ना? ती बदलून ठेवा. उद्या दुपारी आम्ही दोघं येतो, माल डोळ्यांनी बघून गाडी भरू. आणि हो, केबिनची किल्ली घेऊन येतो."

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. सरळ. "शेठ, ही शेड जगातली कुठलीच कंपनी काढत नाही, ही आमच्या टबात निघालीय." पण किल्ली म्हणाले हो! किल्ली म्हणाल्यावर माझ्या जिभेला कुलूप बसलं. मी म्हटलं, "हो शेठ, करतो व्यवस्था."

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी लोणीतल्या किराणा दुकानातली होती नव्हती ती हळद मी उचलली. दुकानदार म्हणाला, "काका, कार्य मोठं दिसतंय!" मी पैसे टेकवून निघालो.

आणि मग आमच्या गोडाउनच्या अंगणात जे चाललं, ते कुणी बघितलं असतं तर पोलिसात कळवलं असतं. दोन टब, हळदीचं गरम पाणी, आणि सहा माणसं प्लेटा बुचकळतायत. आधीच्याही परत बुडवल्या, म्हणजे रंगात फरक नको. गंमत बघा, इतके दिवस कोकलून कॉन्टॅक्टर यांच्या डोक्यात शिरला नाही, पण हे काम पहिल्या दहा मिनिटांत असं जमलं की विचारू नका. सुवर्णाबाई तर गाणं म्हणायला लागल्या. हळदीचं!

ओल्या प्लेटा खोक्यात भरता येईनात. म्हटलं, वाळवा. अंगणात ताडपत्री टाकली आणि कुरडया घालाव्यात तशा ओळीने सगळ्या उन्हात मांडल्या. ऑक्टोबरचं ऊन, डोकं तापवणारं. मी म्हटलं, चला, झटकन वाळतील. आणि मी आत जाऊन खोक्यांवर "मंगल आयव्हरी" अशा चिठ्ठ्या चिकटवत बसलो. अक्षर माझं पहिल्यापासून सुबक.

मध्येच ओंकार दारात आला. "सर, बाहेर एक इश्यू आहे."

"इश्यू नंतर. आधी माल."

"सर, मालाचाच इश्यू..."

"ओंकार! तुला ग्लँड ओळखता येत नाही आणि तू मला इश्यू सांगतोस? जा, उन्हात नजर ठेव. कावळा बसायला नको."

तो गेला. थोड्या वेळाने परत आला, माझा चेहरा बघितला आणि तसाच मागे फिरला. मी मनात म्हटलं, आता कुठे शिस्त लागतेय.

गाडीचा हॉर्न वाजला. शेठ आणि आबासाहेब. मी पुढे झालो, नमस्काराला हात जोडले. शेठ माझ्या हातांकडे बघतच राहिले. कोपरापर्यंत पिवळे.

"परचुरे, कावीळ झालीय का?"

"छे छे! पूजेचं आहे. नवरात्र झालं ना नुकतंच. या, माल बाहेरच मांडलाय."

मोठ्या ऐटीत मी त्यांना अंगणात नेलं, आणि ताडपत्रीकडे न बघताच हात पसरून म्हटलं, "ही पाहा, मंगल आयव्हरी!"

दोघं वाकून खाली बघायला लागले. मग मी बघितलं.

पांढऱ्या. सगळ्या पांढऱ्याशुभ्र! कंपनीतून आत्ताच निघाल्यासारख्या!

आबासाहेबांनी खाली वाकून एक उचलली. खिशातून खंडेनवमीला पाठवलेली नमुन्याची प्लेट काढली. ती पिवळीच. दोन्ही शेजारी धरल्या. "परचुरे, ही तर पांढरीच हाय."

"आबासाहेब, मघाशी... म्हणजे सकाळी..."

त्यांनी नमुन्याच्या प्लेटेवर थुंकी लावून बोट घासलं. बोट पिवळं झालं. ते बोटाकडे बघत राहिले, मग माझ्या कोपरापर्यंतच्या हातांकडे, मग त्या दोन टबांकडे. आणि मग ते जे हसत सुटले! गुडघ्यावर हात टेकून हसले. "अवो, हळदीचा रंग उन्हात ऱ्हातोय व्हय? लग्नात नवरदेवाचे कपडे पिवळेधमक हुत्यात, बायका धुऊन उन्हात टाकत्यात, सांजेला पांढरे! येवढं बी ठावं न्हाई तुमास्नी?"

आता तुमच्या ध्यानात आलं का? खंडेनवमीला प्लेटा धुतल्यावर मी पंख्याखाली न ठेवता दुसऱ्या दिवशी नुसत्या उन्हात टाकल्या असत्या, तर संध्याकाळपर्यंत पांढऱ्या झाल्या असत्या. जशा हव्या होत्या तशाच. कुणाला पत्ता लागला नसता. मी मात्र एका धडधाकट गिऱ्हाइकाला पांढऱ्यावरून पिवळ्यावर आणलं, आणि मग पिवळ्या म्हणून पांढऱ्याच समोर मांडल्या.

शेठना सगळं सांगावं लागलं. परीक्षा, गंध, टब, सगळं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे ऐकून घेतलं. मी शेवटी अगदी बारीक आवाजात विचारलं, "शेठ, मग केबिनचं...?"

"केबिनला मोठी खिडकी आहे, परचुरे. दिवसभर ऊन येतं. तुमचं काम तिथे टिकायचं नाही."

किल्ली त्यांच्या खिशातच राहिली.

वर आबासाहेब काय म्हणाले ठाऊक आहे? "शेठ, मला पिवळ्याच पायजेत. मन बसलंय. या पांढऱ्याच बसवा, पर लग्नाच्या आदल्या दिशी तुमचा मानूस येऊन रंगवून जाईल. ह्येच द्या." आणि बोट माझ्याकडे.

शेठ म्हणाले, "न्या की. यांनाच तेवढं येतं."

तर सध्या मी कोण आहे? लग्नसराईत मी लोणीच्या मंगल कार्यालयात असतो. मेन स्विच बंद करायचा, हळदीची वाटी घ्यायची आणि भिंतीभिंतीने फिरत प्लेटांना हळद लावायची. तीही उभ्यानेच. परवा वधूपक्षाच्या खोलीत असाच लावत होतो. नऊवारीतल्या एक बाई आल्या, माझ्या हातातल्या वाटीकडे आणि पिवळ्या हातांकडे आदराने बघितलं आणि वाकून नमस्कारच केला. म्हणाल्या, "ओळखलं नाही हो काका. आपण मुलाकडचे का मुलीकडचे?"

मी म्हटलं, "बाई, मी स्विचबोर्डाकडचा."